गाडीखाली कुणी जायचं नाही

सुधीरने शपथ घेतली ती चारूच्या टाळूवर हात ठेवून. चारू तेव्हा तीन महिन्यांची होती. टाळू अजून भरायची होती, हाताखाली नुसती धडधडायची. त्याने तळहात इतका अलगद ठेवला की तिचे दोन केससुद्धा दबले नाहीत.

"या गाडीखाली मी कधी जाणार नाही. झालं?"

"कुठल्याच गाडीखाली, म्हण."

"बरं बाई. कुठल्याच गाडीखाली, ट्रकखाली, रोडरोलरखाली जाणार नाही. आता तरी हस."

मी हसले नाही. माझा भाऊ जयप्रकाश आदल्या वर्षी ठाण्याला मित्राच्या टॅक्सीखाली गेला होता. काही मोठं काम नव्हतं, सायलेन्सरची पट्टी आवळायची होती. जॅक सरकला. मी पोटुशी होते म्हणून मला तिकडे नेलंच नाही. दादाला मी शेवटचं पाहिलं नाही. मला एवढंच कळलं की त्याच्या चपला टॅक्सीजवळ नीट जोडून ठेवलेल्या सापडल्या. मित्रानेच त्या पिशवीत घालून आईकडे आणून दिल्या. तेव्हापासून डोळे मिटले की मला दादा दिसायचा नाही, चपला दिसायच्या.

आणि अशात सुधीरने फियाट घेतली. जुनीच, बदामी रंगाची, आधीच्या मालकाने डिकीत गणपतीचं स्टिकर लावलेली. बेलापूरच्या ऑफिसात तो नकाशे काढायचा, आणि नेरूळहून बेलापूरला जायला बस कधी यायची, कधी यायचीच नाही. गाडी हवी होती हे खरं. पण गाडी घेतली की तिच्याखाली जावंच लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनाचं तेल ठरावीक मैलांनी बदलायचं असतं, आणि ते काढायचा बोल्ट इंजिनाच्या पोटाखाली, चेंबरला असतो. आमच्या सेक्टरमध्ये तेव्हा गॅरेज नव्हतं. वाशीला एक गॅरेजवाला होता, तो गाडी दोन दिवस ठेवून घ्यायचा आणि परत देताना काहीतरी खुळखुळायला लागलेलं असायचं.

"मी वरूनच काढेन," सुधीर म्हणाला. "खाली जायचं कामच नाही."

त्याच्या डोक्यात ते कुठून आलं कोण जाणे. सायकलचा पंप घ्यायचा, आतला चामड्याचा वायसर उलटा बसवायचा, म्हणजे पंप हवा भरायच्या ऐवजी ओढायला लागतो. इंजिनातलं तेल मोजायची पट्टी जिथून आत जाते त्या भोकातून बारीक तांब्याची नळी तळापर्यंत सोडायची. मध्ये एक बंद भांडं. पंपाने भांड्यातली हवा ओढली की तेल आपोआप वर चढून भांड्यात येतं. कागदावर त्याने मला चित्र काढून दाखवलं, बाण वगैरे दाखवून. मला त्यातला एकच बाण कळला: वर जाणारा.

आधी त्याने डालड्याचा डबा लावून पाहिला. दोनदा पंप ओढल्यावर डबा आत चेपला गेला. कुणीतरी पोटात गुद्दा मारावा तसा. मग तो स्वयंपाकघरात आला आणि इकडेतिकडे बघत सासूबाईंची लोणच्याची बरणी उचलून घेऊन गेला. जाड, चिनीमातीची, वर तपकिरी अन् खाली पांढरी. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. बरणी रिकामीच होती, तरी मी ती रोज पुसायचे.

बाहेर अंगणातल्या ओट्यावर बसून आप्पा, म्हणजे माझे सासरे, पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सुधीर, ती कुणाची बरणी आहे?"

"आप्पा, धुवून परत ठेवतो. घासून एकदम स्वच्छ."

"इंजिनाचं तेल धुतलं जातं?"

"साबणाने जातं."

"हातावरचं जातं," आप्पा म्हणाले आणि पेपर वर धरला. पेपर उलटा नव्हता, पण पुढचं पान बराच वेळ उलटलं गेलं नाही.

हा रविवार होता, सकाळचा. सुधीरने गाडी थोडा वेळ चालू ठेवली, तेल गरम झालं की पातळ होतं म्हणून. मग बंद केली, बोनेट उघडलं, नळी सोडली. मी चारूला कडेवर घेऊन दारात उभी राहिले. पंपाचा दांडा त्याने वर ओढला, पुन्हा ओढला, आणि बरणीच्या बुचाजवळच्या प्लॅस्टिकच्या नळीतून काळंभोर तेल सरसरत आलं.

"आलं! सुनीती, आलं बघ!"

मी चारूचा हात धरून टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघी टाळ्या वाजवतोय, सुधीर बोनेटपाशी घाम पुसतोय, आणि त्या तेलाचा वास अंगणभर. मला खरंच वाटलं, जिंकलो. शपथही राहिली, गाडीही राहिली.

नेरूळ गावातला किसन तेवढ्यात पत्र्याचा डबा घेऊन आला. जुनं तेल तो होडीच्या तळाला लावायला न्यायचा.

"वैनी, तेल निंगलं का?"

"निघतंय रे. थोडा थांब."

"मंग मी रावसायबांकरं टीवी बगून येतंव. मंग नेतू."

रविवारी सकाळी टीव्हीवर देवांची मालिका लागली की आमच्या सेक्टरमध्ये कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसायचं नाही. सगळी सोसायटी चारपाच घरांत कोंबून बसायची. रावसाहेब साताऱ्याचे, आमच्यापासून तिसरं घर. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही, त्यामुळे गर्दी खिडकीच्या बाहेरपर्यंत. काहीजण चपला बाहेर काढून बसायचे, देवळात बसल्यासारखे. एका घरात शंख वाजला की सगळ्या घरांतून तोच शंख ऐकू यायचा.

बरणी जेमतेम अर्धी झाली आणि पंप फुसफुसायला लागला. वायसर फाटला होता.

"झालं का तुझं वरून वरून?" आप्पांनी विचारलं.

"अर्धं आलंय. गावात सायकलवाल्याकडून वायसर आणतो, लगेच येतो."

"अर्धं आत, अर्धं बाहेर. आणि गाळ तर सगळा खालीच. तो बोल्ट एकदा सोडला असता तर—"

"आप्पा." मी म्हटलं. एवढंच.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, चारूकडे पाहिलं, आणि हात वर केले. "मी काही बोललो नाही."

सुधीर सायकल घेऊन गेला. मी चारूला आत नेलं. तिला तेल लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली. न्हाल्यावर तिचे डोळे आपोआप मिटायला लागतात, अंग सगळं सैल होतं, आणि त्या वेळी ती माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपते. ती मूठ उघडायला मला फार जिवावर येतं. त्या दिवशीही मी बसून राहिले, तिच्या मुठीकडे बघत. बाहेर कुठेतरी लोखंडाचा करकर आवाज येत होता. मला वाटलं, सुधीर आला.

मग मी हळूच पदर सोडवून घेतला, आणि त्याला चहा विचारायला बाहेर आले.

गाडीच्या डाव्या बाजूला चपला होत्या. एकमेकींना जोडून, टाचा भिंतीकडे.

मी दाराची चौकट धरली. मग मला दिसलं की त्या सुधीरच्या नाहीत. करकर वाजणाऱ्या जुन्या कोल्हापुरी होत्या, अंगठा झिजलेल्या. आणि गाडीखालून पायजम्यातले दोन पाय बाहेर आले होते, बारीक, पांढरे केस असलेले.

"आप्पा!"

"हळू. ओरडू नकोस. बोल्टचा एक आटा राहिलाय."

"आप्पा, बाहेर या. आत्ता."

"अगं, झालंच. तो गेलाय तिकडे वायसर शोधत, सायकलवालासुद्धा टीव्हीच बघत बसला असेल. तोवर मी मोकळं करतो. तू ती बरणी रिकामी करून धुवायला टाक."

"तुम्हाला माहितीये ना आपलं काय ठरलंय!"

"शपथ त्याची आहे. मी कुणाच्या डोक्यावर हात ठेवला नाही." गाडीखालून आवाज येत होता, आणि त्यात चक्क मजा होती. खेळात पोराला हरवल्यावर बापाच्या आवाजात येते तसली.

मी खाली वाकले. जॅक त्यांनी कडेच्या भोकात नीट अडकवला होता, खाली वीटही घेतली होती. पण आमचं अख्खं नेरूळ भरावाचं. वर मुरूम, खाली खाडीचा चिखल. आणि वीट ठेवली होती ती बरोबर आप्पांच्या जास्वंदीपाशी, जिथे ते रोज सकाळी उठून पाणी घालत. वीट एका अंगाने जमिनीत चालली होती. मी बघत होते आणि ती जात होती. घाई न करता, लोण्यात सुरी जावी तशी.

"आप्पा, जॅक कलतोय! या बाहेर!"

"ऑं?"

पाय हलले. एक गुडघा वर आला. विटेचा कडकन आवाज झाला, आणि गाडी खाली बसली.

बस्स, एवढंच. धडाम नाही, काही नाही. दिवसभर उभं राहून माणसाने शेवटी खाली बसावं, तशी ती बसली. पाय ताठ झाले, मग सैल पडले. आणि गाडीखालून काळं काहीतरी हळूहळू बाहेर यायला लागलं, मुरमावरून, माझ्या पायाच्या बोटांपर्यंत. मला ते कोमट लागलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. ते रक्त नाही, तेल आहे, बोल्ट निघालाय, हे मला कळत होतं, आणि मला ते रक्तच वाटत होतं.

"आप्पा?"

आतून "हं" असा आवाज आला. शब्द नाही, उसासाही नाही.

मी बंपरला धरून गाडी उचलायला लागले. वेडीच. गाडी काय माझ्याने उचलते? तरी मी उचलत होते, पदर खोचलेला. मग सोडली आणि धावले.

रस्ता रिकामा होता. प्रत्येक घरातून तोच संवाद येत होता, तेच संगीत. मी "धावा, धावा" म्हणत होते असं मला वाटतं; पण नंतर सगळ्यांनी सांगितलं, कुणाला काहीच ऐकू आलं नाही. रावसाहेबांच्या दारात पोचले. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. खोलीत अंधार केलेला, टीव्हीसमोर उदबत्ती लावलेली. मी म्हटलं, "आप्पा—" आणि माझा आवाज फुटला नाही. एका बाईने मागे न बघता हाताने खाली बस अशी खूण केली.

मी त्या सगळ्यांच्या मधून गेले. कुणाच्या हातावर पाय पडला, कुणाची पोर रडली. टीव्हीपाशी गेले आणि त्याचं बटण बंद केलं.

"ए! काय चाललंय!" "कोण आहे ती?" "दिनानाथांची सून ना?"

माझ्या पायांचे काळे ठसे पांढऱ्या फरशीवर दारापासून टीव्हीपर्यंत उमटले होते. सगळे त्या ठशांकडे बघत होते.

"आप्पा गाडीखाली आहेत," मी म्हटलं. या वेळी ऐकू गेलं.

रावसाहेब उठले ते तसेच, अर्धी विजार वर धरून. सगळे बाहेर पडले, बायका, पुरुष, पोरं, अनवाणी. किसन खिडकीबाहेर होता, तो सगळ्यांच्या आधी पोचला. मी पोचले तेव्हा तो जमिनीवर पालथा पडून गाडीखाली बघत होता.

"म्हातारा जिता हाय! जॅक नको, हातानं उचला! सगली एका बाजूला या!"

बारापंधरा माणसं गाडीच्या डाव्या बाजूला लागली. कुणी बंपरला, कुणी दाराखालच्या कडेला. किसनने होडी चिखलातून ओढताना देतात तशी हाक दिली, लांब, वर चढत जाणारी, आणि गाडी उचलली गेली. "गारी वर, मानूस भाईर! पाय धरा, पाय!" रावसाहेबांनी एक पाय धरला, कुणीतरी दुसरा. आप्पा तेलावरून सरकत बाहेर आले.

मला ते ओळखू आले नाहीत. कपाळ, कान, मिशी, सगळं काळं. फक्त डोळे पांढरे, आणि ते उघडे होते. ते एकटक आभाळाकडे बघत होते, आणि मला वाटलं, संपलं. मग पापणी हलली.

"श्वास घ्या हो दिनानाथ! घ्या श्वास!"

"घेतोय," आप्पा म्हणाले, फार बारीक. "जरा बाजूला व्हा, म्हणजे घेता येईल."

त्याच वेळी सुधीर सायकलवरून आला. लांबूनच त्याने गर्दी पाहिली, मधोमध आडवं पडलेलं माणूस पाहिलं, आणि मला पाहिलं नसणार. कारण तो माझं नाव घेऊन ओरडला. सायकल तशीच रस्त्यात पडली. गर्दीतून आत आल्यावर मी त्याला उभी दिसले, आणि खाली आप्पा दिसले. त्याच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मी सांगू शकत नाही. मूठ उघडली, आणि त्यातला चामड्याचा वायसर तेलात पडला.

"चारू," मी एकदम म्हटलं. चारूला मी पलंगाच्या कडेला ठेवलं होतं की मध्ये, मला आठवेना. मी आत धावले. ती मध्येच होती. झोपलेली. मूठ उघडी. तिच्या हातात काहीच नव्हतं आणि ती तशीच निवांत झोपली होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि मला तिला हात लावायचं धाडस झालं नाही, माझे हात काळे होते.

गाडी तर चालणार नव्हती, तेल सगळं अंगणात. भाजीवाल्याचा टेम्पो कुणीतरी पळत जाऊन आणला, कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला केल्या, आणि आप्पांना गोधडीवर ठेवून वाशीला नेलं. रावसाहेबांच्या बायकोने चारूला ठेवून घेतलं.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, टायर जागेवर होते म्हणून तेवढी फट राहिली. हे सांगताना त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांत धरून ती फट दाखवली, आणि मी बघायचं टाळलं. एक-दोन दिवस ठेवू, म्हणाले.

दुपारी वॉर्डात गर्दी ओसरली. सुधीर खाली औषधं आणायला गेला होता. सकाळपासून तो असाच काही ना काही आणायला जात होता, खाटेपाशी टेकला नव्हता. नर्सने बशीत थोडं खोबरेल तेल आणि कापूस दिला, म्हणाली, "हे काळं पाण्याने नाही जायचं. तेलानेच पुसा."

मी आप्पांच्या उशाशी बसले. तोवर मी फक्त त्यांच्या पायाला हात लावला होता, नमस्कारापुरता. डोक्याला कधी नाही. आधी मला सुचेना कुठून सुरुवात करावी. मग मी कानापासून केली, चारूला करते तशी. कानाची पाळी, पाळीच्या मागची घडी, मग मानेच्या सुरकुत्या. कापूस काळा झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा. त्यांनी डोळे मिटले. कपाळावरून बोट फिरवताना भुवई आपोआप वर जायची, अगदी तिची जाते तशी.

"बरंय," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, डोळे मिटूनच, "सुनीती."

"हं."

"शपथ त्यालाच का घातलीस?"

मी काळा झालेला कापूस टाकून दुसरा घेतला.

"माझ्याकडून कुणी घेतलीच नाही," आप्पा म्हणाले. चेष्टेत म्हणाले. म्हणजे तोंड तरी चेष्टेचंच होतं. "मी बसलो होतो की तिथेच ओट्यावर. मला वाटलं, माझी पाळी येईल."

सकाळपासून जे जे पाहिलं होतं ते मी कसंतरी पाहून घेतलं होतं. हे मला पाहवेना. ओट्यावर पेपर धरून बसलेला तो माणूस. चारूच्या डोक्यावर हात ठेवताना सुधीर, समोर मी, आणि आम्ही दोघांनी तिकडे एकदाही पाहिलेलं नाही. मला दादा दिसत होता, सुधीर दिसत होता, चारू मोठी होऊन बापाला विचारताना दिसत होती. आप्पा मरू शकतात, असं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि मेलेच, तर त्याने आमचं काही जाईल, हेही नाही.

"आप्पा," मी म्हटलं, "आता घालू?"

"आता कशाला? आता मला वाकताच येत नाही." त्यांना हसू आलं आणि ते कळवळले. "हसवू नकोस गं. दुखतं."

मी त्यांना हसवलं नव्हतं. तरी "नाही हं, नाही" म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला रडू फुटलं. सकाळपासून आलं नव्हतं ते सगळं. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. दारात सुधीर औषधांची पिशवी घेऊन उभा होता, आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं.

"ये रे, ये," आप्पा म्हणाले. "हिला आवर आधी. आणि उजवा कान राहिलाय माझा. तो तू पुस."

सुधीरने पिशवी खाली ठेवली. खुर्ची दुसरीकडून ओढली. कापूस बशीत बुडवला आणि तो हातात धरून बापाच्या कानाकडे बघत बसला, कसा पुसतात ते त्याला येत नव्हतं.

"पाळीच्या मागून," मी डोळे पुसत म्हटलं. "हळू."